मसाई माराआधी रेहेकुरी

केनियाचं विमान गाठण्याआधी कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य पाहून घ्या. मसाई मारा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचं. १९८० साली स्थापन झालेलं रेहेकुरी जेमतेम २.१७. इथे सिंह नाहीत, पण आफ्रिकेतल्या गॅझेलचा भाऊबंद असलेला काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावतो. पिळदार शिंगं सहसा नरालाच, आणि ती सांबरासारखी गळत नाहीत. वयात येताना नर काळा होत जातो. मादी मात्र पिवळसर तपकिरीच राहते. कळप पाहायचा तर उजाडताच पोचा, भरदुपारी ऊनच भेटेल! मातकट कपडे, दुर्बीण, पाणी. गवत वाळलेल्या दिवसांत काडीपेटी खिशातसुद्धा नको. पाठलाग करून फोटो काढणाऱ्यांनी घरीच थांबावं.