कर्जतला गाडीला मागून इंजिनं का जोडतात?

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला बसणारा तो हलका धक्का ओळखीचा आहे ना? मागे बँकर इंजिनं लागली! गाडी जड आहे हे तर खरंच, पण खरी भानगड घर्षणाची आहे.

पोलादी चाक पोलादी रुळावर टेकतं ते जेमतेम नाण्याएवढ्या जागेवर. त्यामुळे फिरताना विरोध फारच कमी होतो. १००० टनांची गाडी सपाटीवर संथपणे चालती ठेवायला साधारण २ टन वजनाइतका जोर पुरतो. पण कर्जतपुढच्या भोर घाटातला चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तिथे गाडीचं स्वतःचं वजनच तिला २७ टनांच्या जोराने मागे खेचतं.

आता नुसतं इंजिन ताकदवान असून भागत नाही, चाकाने रूळ धरायला हवा. १२० टनांच्या इंजिनाला कोरड्या रुळावर साधारण ३०-३५ टनांची पकड मिळते. पावसात ती निम्म्यावरही येऊ शकते. त्यापलीकडे जोर लावला की चाकं जागच्या जागी गरगरतात, आणि घसरणाऱ्या चाकाची पकड आणखी घटते. म्हणून अशा वेळी लोको पायलट जोर वाढवत नाही, कमी करतो. आणि चाकापुढे चक्क वाळू सोडतो! इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. हवेच्या दाबाने ती रुळावर फवारली जाते. एवढ्या आधुनिक यंत्राला अजून वाळू लागते, हे मला भारीच वाटतं.

बँकर आले की रूळ धरणारी चाकं वाढतात. शिवाय मागून रेटल्यामुळे डब्यांमधल्या कपलिंगवरचा ताणही हलका होतो.