मालेगावचा सुपरमॅन: कौतुक झालं, परीक्षण राहिलं

पिंपळनेरहून ताहाराबाद, सटाणा करत मालेगावला जाणारा रस्ता साक्री तालुक्यातल्या माणसांच्या पायाखालचा आहे. मालेगाव नकाशावर नाशिक जिल्ह्यात येतं, पण तिथे बनणाऱ्या विनोदी व्हिडिओंच्या नावांत ‘खानदेश’ हमखास असतो. छोटूदादा म्हणजेच शफीक नाट्याचे व्हिडिओ कोट्यवधींनी पाहिले, आणि गल्लीबोळांतली पोरंही त्याच्या नकला करू लागली. या धंद्याची मुळं मात्र त्याआधीच्या व्हिडिओ पार्लरांमध्ये आहेत.

मालेगाव यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद, हातात आठवड्याची मजुरी आणि करमणुकीला सिनेमा. शेख नासिर असंच एक पार्लर चालवायचा. निरनिराळ्या चित्रपटांचे तुकडे जोडून दाखवता दाखवता तो संकलन शिकला. पोलिसांची धाड पडल्यावर त्याने ठरवलं, आता चित्रपट आपणच काढायचा. 2000 साली ‘मालेगाव के शोले’ आला आणि गावाने तो डोक्यावर घेतला. मग त्याने थेट ‘सुपरमॅन’लाच हात घातला.

रिचर्ड डॉनर यांचा मूळ ‘सुपरमॅन’ 1978 चा, खर्च सुमारे साडेपाच कोटी डॉलर. त्यात खरा कस लागला तो उडण्याच्या दृश्यांत. तेव्हा निळ्या पडद्यासमोर चित्रण करून तो निळा रंग नंतर काढून टाकत. पण नायकाचा पोशाखही निळाच! म्हणून अशा दृश्यांसाठी पोशाखाची छटा हिरवटसर केली गेली. झोरान पेरिसिक यांनी कॅमेऱ्याची आणि प्रक्षेपकाची झूम भिंगं एकाच वेळी हलवण्याची युक्ती काढली. नट जागेवरच असे, पण तो जवळ येतोय, दूर जातोय असं वाटे. या करामतींना ऑस्करचा विशेष सन्मान मिळाला. माणूस उडतो यावर तुमचा विश्वास बसेल, असा जाहिरातीचा दावा होता, आणि समीक्षकांनीही चित्रपट त्याच कसोटीवर तपासला. 1987 च्या हिंदी ‘सुपरमॅन’मध्ये पुनीत इस्सर नायक होता, पण हॉलिवूडच्या चित्रपटातली दृश्यं त्यात सरळ उचलली होती. त्या कसोटीवर तो आपटला आणि आजही त्याची टिंगलच होते.

नासिरकडे होते लाखभर रुपये, एक छोटा व्हिडिओ कॅमेरा आणि हिरवं कापड. सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर काम करणारा काडीपैलवान. उचलता येण्याजोगा हलका नट हवा, ही तांत्रिक गरजच होती. चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला आणि दुरुस्त होईपर्यंत काम अडलं. हे सगळं फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपलं. 2008 चा हा माहितीपट महोत्सवांतून गाजला आणि जून 2012 मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. समीक्षकांनी भरभरून लिहिलं. पण त्यांनी परीक्षण केलं ते माहितीपटाचं. नासिरचा ‘मालेगाव का सुपरमॅन’ त्या लिखाणात जिद्दीचा पुरावा म्हणून आला, चित्रपट म्हणून फारसा आलाच नाही. गरिबांनी काढला यातच सगळं आलं, असा एकूण सूर. हे कौतुक खरं असलं तरी त्यात थोडी पाठ थोपटण्याची वृत्ती आहे.

चित्रपट म्हणून पाहायचं तर आधी कसोटी बदलावी लागते. डॉनरचं यश प्रेक्षकाने विश्वास ठेवण्यात होतं, तर नासिरचं यश प्रेक्षकाने विश्वास न ठेवण्यात आहे. हा सुपरमॅन उडतो तेव्हा तो उडत नाही हे दिसलंच पाहिजे, हशा त्यावरच पिकतो. पोशाखाबाहेर लोंबणारा नाडा हा ढिसाळपणा नव्हे, तो रचलेला विनोद आहे. गावच्या धुळीने नायकालाच दमा लागतो आणि खलनायकाला घाण प्रिय असते. परग्रहावरच्या संकटाला इथे गटार, धूळ आणि तंबाखूचं रूप मिळतं. ही नक्कल नव्हे, हे विडंबन आहे, आणि त्याचं लक्ष्य अमेरिका नसून मालेगावची नगर व्यवस्था आहे. उणिवाही आहेत: विनोद ताणले जातात, स्त्रीपात्रांना फारसं काम नाही आणि सुटी प्रहसनं जोडल्यासारखी कथा विस्कळीत होते. पण हे दोष काढणं म्हणजेच त्या चित्रपटाला बरोबरीने वागवणं.

सुपरमॅन झालेला शफीक शेख 2011 मध्ये कर्करोगाने गेला. 2024 च्या सप्टेंबरात टोरांटो महोत्सवात दाखवलेला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला प्रदर्शित झालेला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ याच मंडळींवर आहे. लेखन वरुण ग्रोवर यांचं, नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव. समीक्षकांनी उचलून धरला, तिकीटबारीवर मात्र गर्दी झाली नाही. म्हणजे मालेगावच्या पडद्यामागची गोष्ट आता दोनदा वाखाणली गेली. पडद्यावरच्या गोष्टीचं परीक्षण यंत्रमाग कामगारांनी शुक्रवारच्या खेळाला केव्हाच करून टाकलं होतं: शिट्टी मारून, आरडाओरडा करून, आणि जिथे कंटाळा आला तिथे बिडी ओढायला बाहेर पडून. लेखी समीक्षेने तेवढा रोखठोकपणा दाखवला, तर नासिरला दिग्दर्शक म्हणून त्याचं श्रेय मिळेल.