वर्गातील भावना आणि लीलाताई पाटील

चऱ्होलीत उंच इमारतींबरोबर शाळाही वाढल्या. शाळा निवडताना आपण शुल्क विचारतो, निकाल विचारतो, इंग्रजी कसे आहे तेही विचारतो. वर्गात बसल्यावर आपल्या मुलाला काय वाटते, ही चौकशी करणारा पालक विरळाच. मीही कधी केली नव्हती.

कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांनी ती आयुष्यभर केली. साहित्यिक ना. सी. फडके यांच्या या कन्येने अध्यापक महाविद्यालयात शिक्षक घडविण्याचे कार्य केले आणि निवृत्तीनंतर, १९८५ मध्ये, ‘सृजन आनंद विद्यालय’ ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा उभी केली. इतरांना जे शिकविले, ते उतारवयात चिमुकल्यांच्या वर्गात स्वतः पडताळून पाहणे सोपे नव्हे. (आम्ही बँकेतील मंडळी निवृत्तीनंतर फार तर पेन्शनची आकडेमोड पडताळतो!) त्यांच्या लेखी आनंद म्हणजे करमणूक नव्हती. मुलाने स्वतः पाहावे, प्रश्न विचारावेत, आपल्या शब्दांत लिहावे आणि चुकण्याचे भय बाळगू नये, यांतून येणारा तो आनंद. ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातही मूल आधी येते, शिक्षक नंतर.

जर्मन मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेक्रुन यांनी २००६ मध्ये याच विषयाचा एक सिद्धांत मांडला. ‘हे मला जमेल का?’ आणि ‘याचे मोल किती?’ या दोन प्रश्नांच्या मनातील उत्तरांवर विद्यार्थ्याच्या भावना ठरतात. मोल फार मोठे वाटते, पण जमेल याची खात्री नसते, तेव्हा भय उपजते. मोलच वाटले नाही, तर कंटाळा येतो. आपल्या कर्मसिद्धांतातील नऊ नोकषायांत भय, शोक आणि अरति आहेतच. पाठशाळेत आपण ती नावे मुखोद्गत केली. मात्र समोर गणिताची वही घेऊन बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर ती ओळखणे आपल्याला कोणी शिकविले नाही.

व्यापारी घरात तर हिशेबाचे मोल मुलाला जन्मापासूनच ठाऊक असते. माझा नातू सहावीत आहे. सरळव्याजाचे उदाहरण अडले, की मी म्हणत असे, “आजोबांचे आयुष्य बँकेत गेले आणि तुला व्याज काढता येत नाही?” पुढे पुढे गणिताच्या दिवशी त्याचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना काही सापडले नाही.

लीलाताईंविषयी वाचल्यानंतर एका संध्याकाळी पुस्तक मिटून मी त्याला विचारले, “गणित करताना तुला नेमके काय वाटते?” बराच वेळ तो पेन्सिलीशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, “गणित एवढं अवघड नाही, आजोबा. तुम्ही उत्तराची वाट पाहत बसता ना, त्याची भीती वाटते.”

हल्ली तो गणिते सोडवितो तेव्हा मी सामायिकाला बसतो. उत्तर आले, की तोच मला येऊन सांगतो. कधी बरोबर असते, कधी चुकलेले.