दात सांधणारे पदार्थ

मानवी शरीरात दाताच्या बाह्य कवचाइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. इनॅमल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कवचाचा वजनी सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु या कठीणपणास एक उणीव आहे. मोडलेले हाड पुन्हा सांधते. इनॅमल घडविणाऱ्या पेशी मात्र दात वर येताच नाहीशा होतात. म्हणून किडीने पडलेली पोकळी आपोआप भरून येत नाही. ती बाहेरच्या पदार्थानेच भरावी लागते.

असा पदार्थ शोधणे सोपे नाही. त्याने चर्वणाचा दाब सोसला पाहिजे, लाळेत विरघळता कामा नये आणि शरीरास अपाय करता कामा नये. शिवाय गरम चहा व थंड पाणी यांमुळे तो दाताच्याच प्रमाणात प्रसरण व आकुंचन पावला पाहिजे. हे प्रमाण जुळले नाही, तर कडेला फट पडते व तीतून कीड पुन्हा आत शिरते.

या कामी दीर्घकाळ वापरला गेलेला पदार्थ म्हणजे अमाल्गम. रुपे, कथील व तांबे यांच्या भुकटीत पारा मिसळला की मऊ लगदा होतो आणि तो थोड्याच वेळात दगडासारखा घट्ट बनतो. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी 1890 नंतरच्या दशकात या धातूंचे योग्य प्रमाण ठरविले. अमाल्गम स्वस्त व टिकाऊ खरे; पण ते दातास चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून दाताचा निरोगी भागही कोरावा लागतो. त्यातील निम्मा भाग पाऱ्याचा असल्याने टाकाऊ अमाल्गमामुळे पाणी व माती दूषित होतात. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारास भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. 2034 पर्यंत दंतचिकित्सेतील अमाल्गम बंद करण्याचे करारातील राष्ट्रांनी 2025 मध्ये ठरविले.

मग त्याची जागा कोण घेणार? 1955 मध्ये बुओनोकोर यांनी दाखविले की, फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत केले असता राळ त्यास घट्ट धरते. पुढे बोवेन यांनी कृत्रिम राळेत काचसदृश कण मिसळून कॉम्पोझिट सिद्ध केले. निळ्या प्रकाशाने घट्ट होणारा हा पदार्थ दाताच्या रंगाचा असतो. मात्र घट्ट होताना तो थोडा आकसतो. त्यासाठी दात अगदी कोरडा राखावा लागतो, आणि विजेची उपकरणेही लागतात.

येथे खेड्यांचा प्रश्न उभा राहतो. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या मार्गावरील अभनपूरचा विचार करू. छत्तीसगडमध्ये पुष्कळ लोक गुडाखू नावाच्या तंबाखूच्या लगद्याने दात घासतात. महाराष्ट्रातील मशेरीचेच हे भावंड होय. रायपुरास शासकीय दंत महाविद्यालय 2003 मध्ये निघाले. पण दात दुखू लागला म्हणून मजुरी बुडवून शहर गाठणे सर्वांस परवडत नाही. बहुधा दुखणे असह्य झाल्यावरच रोगी येतो आणि तोवर दात काढण्यावाचून उपाय उरत नाही.

अशा ठिकाणी ग्लास आयोनोमर उपयोगी पडतो. लंडन येथे विल्सन व केंट यांनी 1969 च्या सुमारास तो शोधला. फ्लोराइडयुक्त काचेची पूड व पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल एकत्र घोटले की तो तयार होतो. दातातील कॅल्शियमशी त्याचा रासायनिक बंध जुळतो, तो हळूहळू फ्लोराइड सोडतो आणि त्याचे प्रसरणही दातासारखेच असते. विजेवाचून, केवळ हाती अवजारांनी मऊ कीड खरवडून तो भरण्याची पद्धत 1980 नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली. शाळेच्या वर्गातील बाकावरही हे काम होऊ शकते. तो झिजतो व ठिसूळही असतो. म्हणून मोठ्या पोकळीस तो पुरेसा नाही. लहान पोकळीस मात्र तो उत्तम, आणि पोकळी लहान असतानाच तपासणी होणे हेच तर महत्त्वाचे आहे.

दात गेल्यावर अ‍ॅक्रिलिकची कवळी अथवा जबड्याच्या हाडात बसविलेला टायटॅनियमचा खुंट यांचा आधार मिळतो. तथापि, यांपैकी एकही पदार्थ मूळ दाताची बरोबरी करीत नाही. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल बनवितात व ते आम्ल इनॅमल विरघळविते. गोड खाण्यावर मर्यादा, तंबाखूचा त्याग आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने रोज दोनदा दात घासणे, एवढ्याने पुष्कळ दात वाचतात. प्रयोगशाळेतील शोध उपयोगाचे आहेतच. परंतु ते गावाच्या शाळेपर्यंत वेळेवर पोहोचले, तरच त्यांचे खरे चीज होईल.