पुराव्याला शेजार हवा

शिरूर-दौंड भागात विहीर खोदताना वरून खाली काय लागेल, हे जुनेजाणते सहज सांगतात: आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर. तो फोडताना क्वचित नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी दिसते आणि ‘पानाचा ठसा सापडला’ म्हणून फोटो गावभर फिरतो. पण ते पान नव्हे. फटीत झिरपलेल्या पाण्यातल्या मँगनीज आणि लोहाने साकळून धरलेला तो आकार असतो. भिंगाखाली पाहिले तर त्यात ना शिरा दिसतात, ना देठ.

खऱ्या वनस्पतींचे जीवाश्म पाहायचे तर राज्याच्या पूर्वेकडे जावे. चंद्रपूरच्या कोळशाबरोबरच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने आहेत, सिरोंचाजवळ वडधमला दगड झालेले बुंधे आहेत. पण वनस्पती जमिनीवर आल्या त्या याच्याही कितीतरी आधी. ती कथा बरीचशी समुद्राच्या तळाशी साचलेल्या खडकांत सापडते.

जमिनीची गोष्ट समुद्रात कशी? जमीन सतत झिजते. तिच्यावर पडलेला पाला ऊन, पाऊस आणि बुरशी संपवून टाकतात. पुरात वाहून गेलेली एखादी काडी मात्र खोल समुद्रात बारीक चिखलाखाली गाडली जाते. तिथे प्राणवायू कमी, म्हणून कुजणेही मंद. पुढे त्या चिखलाचा खडक होतो आणि काडीचा काळा पापुद्रा त्यात टिकून राहतो.

काडीहून टिकाऊ असतात बीजाणू. त्यांचे कवच इतके चिवट, की खडक आम्लात विरघळवला तरी ते उरते. अर्जेंटिनातल्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी गाळात असे बीजाणू मिळाले. ओमानमधल्या सुमारे ४५ कोटी वर्षे जुन्या खडकात तर बीजाणूंबरोबर ते ज्या पिशवीत तयार झाले तिचे तुकडेही मिळाले. अख्खी वनस्पती हाती लागते ती त्यानंतरच्या थरांत. आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात सापडलेली कुक्सोनिया सुमारे ४३ कोटी वर्षांची आहे. तिला मूळ नाही, पान नाही. दुभंगत गेलेली बारीक काडी आणि टोकाला बीजाणूंची पिशवी, एवढाच तिचा संसार. हे नाव १९३७ साली विल्यम लँग यांनी इझाबेल कुक्सन या ऑस्ट्रेलियन संशोधिकेवरून दिले.

त्याआधी, १९३५ साली, या दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातली बॅरॅग्वनाथिया जगापुढे आणली होती. ही चांगली दांडगी वनस्पती. जाड खोडावर लांब, अरुंद पानांची दाट गर्दी. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणाऱ्या सेलाजिनेलाची ही दूरची नातलग. ती सायल्युरियन, म्हणजे कुक्सोनियाच्याच काळातली आहे, असे लँग आणि कुक्सन यांचे म्हणणे होते. बाकी वनस्पती नुसत्या काड्या असताना ही एवढी पुढारलेली कशी, असा प्रश्न साहजिकच उठला.

वय ठरले होते ते शेजाऱ्यांवरून. त्याच थरात ग्रॅप्टोलाइट होते, म्हणजे समुद्रात वसाहत करून राहणारे चिमुकले जीव. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या, त्यामुळे कोणती जात सापडली यावरून थराचा काळ सांगता येतो. पुढे १९६०च्या दशकात त्या ग्रॅप्टोलाइटांची नव्याने ओळख पटवली गेली आणि ते नंतरच्या, डेव्होनियन काळातले निघाले. साहजिकच वनस्पतीही वयाने लहान झाली. १९७८ साली मात्र त्याच प्रांतात आणखी खालच्या थरातून बॅरॅग्वनाथियाची नोंद झाली. तिथले ग्रॅप्टोलाइट निःसंशय सायल्युरियन होते. वनस्पती तीच, शेजारी बदलले तसे तिचे वय बदलत गेले.

हाच नियम शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला लागू पडतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि १३० हून अधिक घरे उजेडात आली. तिथली वस्ती साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० मधली. घरांच्या मातीत जव, गहू, मसूर, हुलगे यांचे दाणे सापडले. हे दाणे टिकले ते जळाल्यामुळे. कोळसा झालेल्या धान्याला बुरशी लागत नाही. अशा दाण्यावर तारीख लिहिलेली नसते. तो कोणत्या थरात होता, सोबत माळवा संस्कृतीचे खापर होते की जोर्वे संस्कृतीचे, यावरून त्याचा काळ कळतो आणि रेडिओकार्बन पद्धतीने तो पडताळता येतो. इथे मुख्य पीक जवाचे होते, हे अशा नोंदींच्याच बळावर सांगता येते.

म्हणून घोड किंवा भीमेची दरड ढासळून हाड, खापर, जळके धान्य उघडे पडले, तर ते उपटून घरी आणू नये. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, जागा आणि थर टिपून ठेवावा आणि जाणकारांना कळवावे. थरातून सुटलेला दाणा फार तर जव आहे की गहू एवढे सांगेल. तो कोणाच्या काळातला, हे सांगणारे साक्षीदार मागे दरडीतच राहिलेले असतात.