वाहता गळ आणि तळाचा गळ

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या लेण्याबाहेर उभे राहिले म्हणजे दक्षिणेस गोळेगाव, त्यापलीकडे उसाचे मळे व द्राक्षांच्या बागा, आणि त्यांमधून जुन्नरच्या बाजूने वाहत येणारी कुकडी असा सारा प्रदेश एका दृष्टिक्षेपात येतो. दर्शनास आलेला यात्रेकरू तो देखावा घटकाभर पाहतो आणि पायऱ्या उतरू लागतो. परंतु गळाने मासे धरण्याचा छंद ज्याला जडला आहे त्याला मात्र, नदी कोठे रुंदावली, कोठे खडकाच्या उंबऱ्यावरून घसरली आणि कोठे काळसर होऊन स्थिरावली, याची नोंद त्या उंचीवरूनच घ्यावीशी वाटते, कारण खाली काठावर गेल्यावर पाण्याचा केवळ समोरचा तुकडा दिसतो आणि बाकीचे सारे तर्कावर सोपवावे लागते.

ही नदी आता सर्वस्वी पावसाच्या मर्जीवर चालत नाही. नाणेघाटाच्या परिसरात, कुकडेश्वराच्या प्राचीन देवालयाजवळ उगम पावलेली कुकडी जुन्नरच्या वर माणिकडोहच्या धरणात अडते आणि खाली येडगावला पुन्हा अडते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प झाला असून येडगावच्या डाव्या कालव्याचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जाते. त्या कालव्यासाठी माणिकडोहातून पाणी सोडले, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या भाषेत आवर्तन सुरू झाले, की लेण्याद्रीच्या पायथ्याची नदी भर उन्हाळ्यातही खळाळू लागते; आवर्तन बंद झाले की तीच नदी डोहाडोहांत विभागून निपचित पडते. वाहत्या पाण्यावर गळ सोडण्याची आणि तळाशी गळ बसवण्याची अशा ज्या दोन रीती आहेत त्यांपैकी आज कोणती चालेल, हे येथे तिथीनक्षत्रापेक्षा आवर्तनाच्या जाहीर सूचनेवरून अधिक खात्रीने कळते.

वाहत्या गळाचे साहित्य अगदी थोडे. लांब कळकाची काठी किंवा हल्लीची फायबरची, बारीक तंगूस, मोराच्या पिसाच्या दांडीचा हलका तरंगता खुंट, त्याच्या खाली तंगुसावर दाबून बसवलेले शिशाचे दोन-तीन बारीक मणी आणि शेवटी लहान गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. खुंटापासून गळापर्यंतचे अंतर पाण्याच्या खोलीहून वीतभर कमी ठेवावयाचे, म्हणजे आमिष तळाच्या किंचित वरून, मासा जेथे तोंड लावून उभा असतो त्या थरातून जाते. एवढे कोणीही सांगेल. खरे कौशल्य आहे ते यापुढे, आणि ते मला गोळेगावच्या बाजूच्या एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांना पंचक्रोशीत सारे तात्या म्हणतात, एका सकाळी शेजारी उभे राहून दाखवले. माझा खुंट ऐटीत धावत होता आणि मासा शिवत नव्हता. "दादा, वरचं पाणी पळतंय, खालचं नाही पळत," ते म्हणाले, "खुंटाला जरा धरा, चारा म्होरं जाऊ द्या."

त्यांच्या त्या वाक्यात प्रवाहाचे शास्त्र आहे. तळाचे दगडगोटे पाण्याला घर्षणाने रोखतात, म्हणून पृष्ठभागावरचा प्रवाह तळच्याहून वेगवान असतो, आणि खुंट मोकळा सोडला की तो आमिषाला ओढत नेतो. तळाशी कधीही त्या वेगाने काही वाहत नसल्यामुळे मासा संशयाने बाजूस होतो. काठीच्या टोकाने तंगूस अलगद आवळून खुंटाला किंचित मागे राखले, तर आमिष त्याच्या पुढे, तळच्या पाण्याच्या चालीने जाऊ लागते. फार आवळले तर मात्र ते उचलले जाऊन वर तरंगते, आणि ही मर्यादा बोटांनाच शिकावी लागते. दुसरी काळजी तंगुसाच्या पोटाची: मधली धार जोरात असेल तर तंगूस तेथे कमानीसारखा फुगतो आणि त्याच्या ओढीने खुंट तिरपा पळतो, अशा वेळी तो पाण्यावरून उचलून वरच्या अंगास पुन्हा अलगद मांडावा लागतो. तात्या हे इतक्या सहजतेने करीत की खुंटाला त्याची वार्ताही लागत नसे. खुंट बुडालाच पाहिजे असेही नाही. तो क्षणभर अडखळला, किंवा प्रवाहाविरुद्ध बोटभर सरकला, की काठी उचलावी.

आवर्तन थांबले, पाणी उतरले, की तळाच्या गळाचे दिवस येतात. येथे डोळ्यांचे काम संपते आणि तर्जनीचे सुरू होते. कुकडीचे पात्र काळ्या कातळाचे आहे. याच नदीने खाली निघोजला जे विख्यात रांजणखळगे कोरले आहेत त्यांच्या जातीच्या भेगा आणि खळगी तिच्या तळाशी ठिकठिकाणी असतात, आणि मासा त्यांच्याच आश्रयाला असतो. गळ टाकण्यापूर्वी नुसते शिसे टाकून ते सावकाश काठाकडे ओढून पाहावे. गाळावरून येताना ते जड आणि मऊ लागते, वाळूवरून निमूटपणे घसरते, गोट्यांवरून तंगुसात बारीक थरथर उठते आणि कातळाच्या कडेशी एकदम थांबते. ज्या जागी थरथर संपून ते थांबते, ती कड आमिष ठेवण्यास उत्तम.

शिसे तंगुसाला पक्के बांधू नये. भोक पाडलेले शिसे तंगुसातून मोकळे सरकेल असे ओवून, गळापासून हातभर अंतरावर त्याला अडवणारी गाठ मारावी, म्हणजे माशाने आमिष उचलले तरी शिशाचे वजन त्याच्या तोंडाला जाणवत नाही आणि तंगूस शिशातून सरकत त्याची बातमी काठापर्यंत पोचते. जेथे भेगा फार तेथे हेच शिसे एका निराळ्या, कच्च्या दोऱ्याने टांगावे; अडकले तर दोरा तुटतो, शिसे जाते, पण गळ आणि त्याला लागलेला मासा हाती राहतो. वाम आमिषाला आधी हळूहळू कुरतडते आणि मग जी भेगेत शिरते ती शेपटीचा आधार घेऊन अशी घट्ट बसते की ओढून उपयोग नाही, तंगूस सैल सोडून ती आपण होऊन हलेपर्यंत थांबावे. शिंगाळ्याचा झटका एकच आणि निःसंदिग्ध असतो. तो सोडवताना पाठीवरच्या व कल्ल्यांमागच्या काट्यांना जपावे, त्यांची जखम फार ठणकते.

कोणत्या थरात गळ ठेवावा हे माशाचे तोंडही सांगते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या पाण्यात चरतो, मृगळाचे खाली वळलेले, तो तळ चाळतो, रोहू मधला.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरच्या डिंभे जलाशयात वाहत्या गळाचे आणखी एक रूप पाहावयास मिळते. तेथे प्रवाह नाही, पण दुपारनंतर वारा असतो. होडी वाऱ्यावर सोडून, वेग आवरण्यासाठी दोराला बांधलेला दगड मागे पाण्यात ठेवून, तळाजवळचे आमिष उथळातून जुन्या नदीपात्राच्या खोलीकडे नेतात. त्या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे. ज्यांची जमीन गेली त्या आदिवासींनी, शाश्वत संस्थेच्या कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या साहाय्याने, आपली सहकारी संस्था उभारून तेथे मासेमारी हाती घेतली. हौशी माणसाने हे जाणून वागावे. ज्या पाण्यावर कोणाची चूल पेटते तेथे परवानगीवाचून गळ टाकणे हे मला केवळ नियमाचे उल्लंघन वाटत नाही, अन्याय वाटतो.

माणसांइतकीच माशांचीही जाण ठेवावी लागते. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात शिंगाळा आहे आणि दख्खनचा महासीरही आहे. धरणांनी या महासीराची चढणीची वाट अडवली. मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याच्या कृत्रिम प्रजननाचा अभ्यास केला, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होऊ लागली, म्हणून त्याचे बीज तरी राहिले. तेव्हा वाचकांपैकी जे कोणी कुकडीवर किंवा घोड नदीवर गळ घेऊन जातील त्यांना माझी विनंती आहे: ज्या मच्छीमार संस्थेकडे त्या पाण्याचा ठेका असेल तिची परवानगी आधी घ्या, गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा इजेवाचून सुटतो, मृगाच्या पाण्याबरोबर चढणीचे मासे अंडी घालण्यास वर निघतात, तेव्हापासून श्रावण सरेपर्यंत काठी घरी ठेवा, आणि महासीर लागलाच, तर हात ओले करून, त्याला पाण्याबाहेर न काढता, सोडून द्या.