दम पुरतो, दात पुरत नाहीत

भेटेल तो एकच विचारतो, "या वयात दम पुरतो का हो?" पुरतो. नाही पुरला तर आलाप मध्येच सोडून श्वास घ्यायचा; ऐकणाऱ्याला वाटतं, बुवांनी काय जागा घेतली! बासरीला सनईइतका जोरही लागत नाही. सत्तरीत ती छळते भलतीकडेच.

ओठांचंच घ्या. ओठांच्या बारीक फटीतून सुटलेली फुंक छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटून दुभंगते, तेव्हा कुठे सूर लागतो. त्या ओठांना मागून टेकू असतो पुढच्या दातांचा. दात जाऊन कवळी आली, की हा टेकू केसभर सरकतो आणि सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येते. कवळी काढून वाजवावं, तर ओठ आत जातात. मंद्र कसाबसा निघतो, तार षड्जाचं नाव नको. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे बासरी घेऊनच गेलो. मेणात बसवलेले कच्चे दात तोंडात घालून ते म्हणाले, "वाजवा." मी षड्ज लावायचा, त्यांनी दात काढून किंचित मागे कलवायचे, पुन्हा षड्ज. बाहेर बसलेल्या पेशंटांची तेवढीच करमणूक.

बीपीच्या गोळीनं तोंड कोरडं पडतं. म्हणून पाणी प्यावं, तर तीच गोळी उठायला लावते, आणि विलंबित एकतालाच्या एका आवर्तनात जाऊन परत येणं काही जमत नाही.

बोटांची तऱ्हा वेगळी. पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) लांब बासरी मैफलीत आणली, त्या खर्जापायी आम्ही सगळे मोठ्या बासरीच्या नादी लागलो. माझी पांढरी तीनची, जवळपास ३० इंचांची. मंद्र पंचमाला सहाही छिद्रं घट्ट बंद लागतात. उजवी अनामिका सकाळी तिथवर ताणत नाही, आणि पोचली तरी सुकलेल्या कातडीखालून हवा निसटते. म्हणून सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून पांढरी पाचची आखूड बासरी घेतो, मोठी संध्याकाळी. आखूड बासरीवर दरबारी वाजवू नये असं माझं मत आहे. सकाळी तसाही तो राग नाही, हे बरंच.

सगळ्यात फसवा कान. वयानं आधी उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि फुंकेतली 'सूं' नेमकी तिथलीच. म्हणजे सूर फाटका येत असतो आणि आपल्याला मात्र तो स्वच्छ वाटतो! घरच्यांनी सांगितलं तेव्हा कानाचं मशीन घेतलं, तर लांबवलेला षड्ज थरथरायला लागला. मशीन बसवणारी मुलगी हसली. "काका, मशीन स्वतःच कधी कधी शिट्टी मारतं ना, ती दाबायची सोय आत आहे. तुमचा सरळ सूर त्याला तसलीच शिट्टी वाटतो." तिनं ती सोय ढिली करून गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून दिलं. आता सूर स्थिर येतो, शेजारचा कुकरही येतो.

रियाजाला उजव्या कानातलं मशीन काढून ठेवतो, डावं राहू देतो. तबलजींनाही डावीकडेच बसवतो; समेवरून निदान भांडण होत नाही.